जोर पडला की पंखा वाजतो

क्रांतीच्या हातची चिठ्ठी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी म्हैस विकायला काढली आहे. वाऱ्यानं उडून ती माझ्या दुकानात, कापराच्या डब्यांवर येऊन पडली होती. वहीचं अर्धं पान, मधोमध पट्टीनं ओढलेली रेघ. डावीकडं लिहिलं होतं ‘गुण’. त्याखाली, अंगानं लहान, कुठंही मावतं. खाणं कमी. रोजच्या कामाला दमत नाही. उजवीकडं ‘खोडी’. त्याखाली, उन्हात लवकर तापतं. फार ओझं टाकलं तर अडतं.

कागद परत द्यायला शेजारी गेले. क्रांती हसली आणि म्हणाली, “म्हैस न्हवं आक्का, ग्राफिक कार्ड हाय.” मग तिनं मला ती वस्तू दाखवली. वीतभर लांब, काळी, पाठीवर दोन पंखे. कॉम्प्युटरवर खेळ खेळताना जी चित्रं पळतात ती हे कार्ड काढतं, असं तिनं सांगितलं. कार्ड चांगलं असलं की चित्र पाण्यासारखं वाहतं, कमी पडलं की ठेचकाळत चालतं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मंगळवार पेठेत आमची दोन दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. माझं पूजेच्या साहित्याचं, त्यांचं कॉम्प्युटरचं. माझ्या उदबत्तीचा वास त्यांच्याकडं जातो, त्यांच्या यंत्रांची घरघर माझ्याकडं येते. दोघांचीही कधी तक्रार नाही.

दुकान तसं तिच्या नवऱ्याचं, बाळासो चौगुलेंचं. बाळासो मूळचे उचगावचे. माणूस मोकळा, आवाज त्याहून मोकळा. गिऱ्हाईक आलं आणि हे कार्ड कसं आहे म्हणून विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं. “एक नंबर पावणं, जाळ हाय जाळ.” दुसऱ्या कार्डाचं विचारलं तरी तेच. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच सगळं आवडतं. घरच्या जेवणाचंही तसंच आहे, मीठ विसरलं तरी एक नंबरच म्हणतात. क्रांती म्हणते, ह्यांना विचारून काय उपयोग न्हाय.

क्रांती वारणानगरजवळच्या खेड्यातली. वडील साखर कारखान्यात होते. बारावी झाल्यावर ती गावच्या दूध संस्थेत टेस्टर म्हणून लागली. लोक दूध घालायला यायचे, त्यातला नमुना बाटलीत काढायचा आणि फॅट किती, पाणी आहे का, ते यंत्रावर बघून सांगायचं. गावात या कामाइतकी भांडणं दुसऱ्या कुठल्या कामात नसतील. म्हणून तिनं तिथं एक पद्धत पाडली. बाटलीवर नाव नाही, फक्त नंबर. कुणाचा कुठला नंबर ते सेक्रेटरीच्या वहीत. “नाव दिसलं की हात चळतो,” असं ती म्हणते.

एकदा चौदा नंबरच्या बाटलीत पाणी निघालं. तिनं तसं लिहिलं. संध्याकाळी कळलं की चौदा नंबर म्हणजे तिची सख्खी चुलती, चिमणाबाई. चिमणाबाईंनी भरल्या चौकात तिला नको नको ते ऐकवलं आणि दिवाळीपर्यंत तिच्या हातचा चहा घेतला नाही. पुढं क्रांतीच्या लग्नात हळद मात्र त्यांनीच लावली. लावता लावता कानाशी वाकून म्हणाल्या, त्या दिवशी पाणी मीच घातलंतं बाई. हे सांगताना क्रांतीच्या डोळ्यात अजून पाणी येतं.

दुसरीही एक गोष्ट ती तिथं शिकली. नमुना काढण्याआधी दूध तळापासून ढवळायचं. साय वर येते, वरचं वर घेतलं तर सगळ्यांचंच दूध चांगलं निघतं.

लग्नानंतर काही वर्षांनी बाळासोंना टायफॉइड झाला आणि महिनाभर दुकानात क्रांतीला बसावं लागलं. कुणीतरी दोन कार्डं समोर ठेवून यातलं कुठलं घेऊ म्हणून विचारलं. तिला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, मला ठावं न्हाय, पण चार दिवसांनी या, बघून सांगतो. तिथून हे सुरू झालं. कार्ड आलं की ती त्याच्या नावावर जखमेला लावायची पांढरी पट्टी चिकटवते. किंमत तिला सांगायची नाही. मग ते यंत्रात बसवून एक ठरलेला खेळ लावते, ज्यात गाडी आपली आपण शहरभर फिरत राहते. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे असतात. सेकंदाला किती चित्रं निघतात, कार्ड किती तापलं, सगळं तिथं दिसतं. दर पाव तासानं ती ते वहीत उतरवते, मागं हात धरून गरम वारा बघते, कान लावून पंखा ऐकते. असं चार तास. पहिली दहा मिनिटं ती धरतच नाही. ती साय, असं तिचं म्हणणं.

स्वतः ती एकही खेळ खेळत नाही. वेळच नाही.

चिठ्ठी ती फक्त मधल्या कार्डाला लिहिते. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, भारीतलं कार्ड सगळंच ओढतं, त्याला चिठ्ठी कशाला. हलक्यातल्याकडून कुणाची अपेक्षाच नसती. मधल्याला काय जमतंय, काय जमत न्हाय, हे ज्याला आधी कळलं त्याचंच त्याच्याशी पटतं. न्हायतर रोज घरात आदळआपट. मी वाती वळत ऐकत होते. मला ते कार्डापुरतंच वाटलं नाही.

आता ज्या कार्डाची गोष्ट सांगायची ते गेल्या चैत्रातलं.

आमच्या मागच्या गल्लीत कालिंदीकाकू राहतात. विमा ऑफिसातून निवृत्त झाल्या. पती यज्ञेश्वर, तेही कचेरीतून निवृत्त. एकुलती एक मुलगी सई, दोन वर्षांपूर्वी नोकरीला मेलबर्नला गेली. लहानपणी रांगोळीचे रंग घ्यायला माझ्याकडंच यायची, म्हणून मला तिचा लळा. एक दिवस काकू आल्या, घरात पुरेसा असताना कापूर घेतला, वाती घेतल्या, आणि पैसे देऊनही तिथंच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, जरा शेजारी येता का माझ्याबरोबर, एकटीला अवघड वाटतंय.

आम्ही गेलो. काकूंनी ग्राफिक कार्ड पाहिजे म्हणून सांगितलं. बाळासोंनी विचारलं, नातवाला का. काकू म्हणाल्या, नाही, मलाच. बाळासो गप्प झालेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

क्रांतीला काही वाटलं नाही. तिनं स्टूल पुढं सरकवलं आणि कसला खेळ म्हणून विचारलं. काकूंनी सांगितलं की एक बेट आहे. त्या आणि सई त्यावर घर बांधतात. लाकडं तोडायची, कुंपण घालायचं, वांगी-मिरच्या लावायच्या. मारामारी नाही. सईनंच शिकवलं. ती तिथं बसून तिची बाहुली चालवते, या इथून त्यांची. कानाला हेडफोन लावून दोघी बोलत असतात.

क्रांतीचे तीन प्रश्न ठरलेले असतात. किती वेळ, कुठं, आणि किती वर्षं. काकूंनी पहिल्या दोन्हींची उत्तरं दिली. रोज दुपारी चार ते साडेपाच, तिथं तेव्हा रात्र असते. जागा म्हणजे वरची सईची खोली. तिसऱ्याला थांबल्या. मग म्हणाल्या, “सई बोलेपर्यंत.”

आणि मग बाकीचं आपोआप निघालं. फोनवर सई रोज म्हणते, मी मस्त आहे. चेहरा दिसतो, हसते, पण आईला ते हसू पटत नाही. खेळताना मात्र तिचं तोंड सुटतं. काकू म्हणाल्या, पूर्वी आम्ही दोघी मटार सोलायला बसायचो, तेव्हाच ती शाळेतलं सगळं सांगायची, समोर बसवून विचारलं की एक अक्षर नाही. हात कामात असले की तिचं मन मोकळं होतं. आता मटाराच्या जागी हे कुंपण. मागच्या आठवड्यात खुंट्या ठोकता ठोकता ती म्हणाली, आई, मला इथं सकाळी उठावंसं वाटत नाही. काकूंनी काही विचारायच्या आत पडदा थिजला. कॉम्प्युटर सईचाच, कॉलेजातला जुना. परत सुरू होईपर्यंत दहा मिनिटं गेली, आणि सई म्हणाली, काही नाही गं, असंच.

“पुन्हा ती बोलायला लागली आणि मी तिथं नसले तर?” काकू म्हणाल्या. “तेवढ्यासाठी पाहिजे.”

बाळासोंनी आतून सगळ्यात मोठं कार्ड आणलं. क्रांतीनं ते परत नेऊन ठेवायला लावलं. बेटावर वांगी लावायला एवढं काय करायचं, शिवाय त्याला वीज जास्त लागती, जुन्या यंत्राला झेपणार न्हाय. तिनं पट्टी चिकटवलेलं एक मधलं कार्ड काढलं, चार तासांची परीक्षा झालेलं. चिठ्ठी तिथंच वाचून दाखवली. बोलते तशी ती लिहीत नाही. लिहिताना शाळेतली मराठी.

गुण. या प्रकारच्या खेळाला सेकंदाला साठ चित्रांच्या खाली येत नाही. वीज कमी खातं. लहान डब्यात बसतं.

खोडी. मेमरी बेताची, तीन-चार वर्षांनी येणारे मोठे खेळ अडतील. पाण्यातली प्रतिबिंबं, सावल्या पूर्ण लावल्या तर चाळीसवर उतरतं, त्या निम्म्या ठेवाव्यात. जोर पडला की पंखा वाजतो.

बाळासो म्हणाले, “ही बया दुकान चालवती का बंद पाडती, मला कळंना झालंय.” पण काकूंना ती चिठ्ठी फार आवडली. म्हणाल्या, मुलीचं लग्न ठरवताना कुणी असं लिहून दिलं तर किती बरं होईल. चिठ्ठी त्यांनी पर्समध्ये जपून ठेवली.

बाळासोंनी घरी जाऊन कार्ड बसवून दिलं. आठ दिवस सगळं छान. काकू येता-जाता माझ्याकडं डोकावायच्या. सईनं तिथं आमटी केली, सईच्या खिडकीतून एक झाड दिसतं त्याची पानं गळायला लागलीत, असं एकेक सांगायच्या. थेंब थेंब का होईना पडतंय, असं म्हणायच्या. मी देवीला मनातल्या मनात हात जोडायचे.

मग एके दिवशी खेळता खेळता पडदा काळा झाला. पाऊण तास झाला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तेवढ्याच वेळानं. तिसऱ्या दिवशी सई म्हणाली, आई, तुला एक सांगायचंय. आणि पडदा काळा. यंत्र लवकर सुरू होईना. सुरू झालं तेव्हा सईचे शब्द पडद्यावर आले होते. झोपते आता, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. कामं आहेत म्हणाली. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

काकू दुकानात आल्या त्या रडवेल्या होऊन. भांडल्या नाहीत, ते भांडण्याहून वाईट. बाळासो लगेच म्हणाले, दुसरं कार्ड देतो, आताच्या आता देतो. क्रांती म्हणाली, “दुसरं दिलं आन तेबी तसंच झालं तर? खोड कुठं हाय ते आधी कळाय नको?” तिनं आधी फोन करून बाळासोंना पाठवलं, काकूंचं कार्ड काढून मागवलं आणि दुकानात लावलं. चार तास चाललं. सहा तास चाललं. कुठं म्हणून अडलं नाही.

बाळासो म्हणाले, मग लाईटीचा घोळ असणार काकूंच्या घरात, आपला काय दोष न्हाय.

दुसऱ्या दिवशी काकूंना फोन करून, वेळ ठरवून, सकाळी अकराला ती त्यांच्या घरी गेली. कार्ड परत बसवलं आणि दोन तास समोर बसून राहिली. काकूंनी पोहे केले, खोली झाडून-पुसून लख्ख केली होती. कॉम्प्युटर कपाटाच्या खालच्या खणात, कपाटाचं दार सताड उघडं. खेळ एकदाही थांबला नाही. काकूच ओशाळल्या. म्हणाल्या, तुम्ही आलात की शहाण्यासारखं वागतंय बघा.

परत येताना ती आपल्या दुकानात गेलीच नाही, माझ्याकडं येऊन पाटावर बसली. तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, आक्का, चिठ्ठीत मी चांगलं चालतंय म्हणून लिहिलं, त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून ती बाई लेकीची वाट बघत बसलीय. पोरगी दोनदा तोंड उघडाय गेली आन दोनदा तिच्या तोंडावर दार लागलं. तिसऱ्यांदा ती उघडंल का?

मी तिला पाणी दिलं. माझ्याकडं द्यायला दुसरं काय होतं. अंबाबाईला सांगते म्हटलं. ती म्हणाली, सांगा, पण जायचं तर मलाच हाय.

बसल्या बसल्या तिला संस्थेतली एक गोष्ट आठवली. वरून तपासनीस यायचे. ते येणार असं आधी कळलं, की गावातल्या सगळ्या किटल्या घासलेल्या, सगळ्या गोठ्यात झाडलोट. त्या दिवशी एकाचंही दूध नासायचं नाही. एवढं बोलून ती पाटावरून उठलीच. सांगून गेलं की भांडी घासलेलीच असत्यात, म्हणाली. मी अकराला गेलते. सांगून गेलते.

त्या दिवशी संध्याकाळी काकूंना सईचा निरोप आला की उद्या खेळू. आम्हाला हे मागाहून कळलं. क्रांतीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं फक्त एवढं ठरवलं होतं की दुपारी साडेचारला जायचं, न सांगता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. थोडं क्रांतीनं सांगितलं, थोडं काकूंनी.

वैशाखातलं ऊन. दार यज्ञेश्वरकाकांनी उघडलं, बनियनवर होते, ओठांवर बोट ठेवून त्यांनी वर खूण केली. क्रांती जिना चढून गेली. वरची खोली पत्र्याची, वर पांढरं छत मारलेलं, पण आत पाऊल टाकलं की भट्टीच्या तोंडाशी गेल्यासारखं. काकू हेडफोन लावून, दाराकडं पाठ करून बसलेल्या. पडद्यावर बेट, त्यावर दोन बाहुल्या कुंपण घालत होत्या. आणि कपाटाच्या खणात, दार निम्मं लावलेलं, आत कॉम्प्युटरवर एक गोधडी. नुसती टाकलेली नाही, मापानं शिवलेली, चारी बाजूंनी खाली आलेली. जुन्या साड्यांच्या तुकड्यांची, लहान मुलाच्या अंगावर घालतात तसली.

क्रांतीनं गोधडीवर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला.

काकूंना चाहूल लागली. त्या वळल्या, दचकल्या, हेडफोन काढायला हात वर नेला. क्रांतीनं मान हलवली, नको. कारण पडद्यावरची दुसरी बाहुली कुंपण घालायची थांबली होती. नुसती उभी होती. आणि काकूंचा चेहरा क्रांतीला दिसला. सई बोलायला लागली होती.

काल तिनंच लावून ठेवलेले पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे क्रांतीनं वाचले, कार्ड टोकाला तापलं होतं. आणखी पाच-सात मिनिटं, की पडदा काळा. तिनं हळूच गोधडी उचलली, कपाटाचं दार उघडलं, डब्याची बाजूची पत्र्याची फळी सरकवून काढली. पंखा मोठ्यानं घोंघावायला लागला. तरी आकडा उतरेना, खोलीतलाच वारा गरम. डोक्यावरचा पंखा तोच वारा खाली ढकलत होता. तिनं इकडंतिकडं बघितलं. भिंतीला खिळ्यावर सईचं परीक्षेचं पॅड लटकत होतं, दहावीचं, वर क्लिप असलेलं. ते तिनं काढलं, कॉम्प्युटरशेजारी फरशीवर मांडी घातली आणि वारा घालायला लागली.

सईला तो आवाज ऐकू गेला असावा. कारण काकू म्हणाल्या, “पंखा आहे गं. वाजू दे. तू बोल.”

मग काकूंचं नुसतं हं, हं. क्रांतीला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ हं. एकदा म्हणाल्या, कधीपासून. एकदा म्हणाल्या, अगं पण जेवतेस ना. आणि एकदा, बाबा काही म्हणणार नाहीत, ते माझ्याकडं लागलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र रोजचा, भाजीला काय केलंस म्हणून विचारावं तसा. आणि एवढ्या वेळात एकदाही काकूंच्या बाहुलीचे हात थांबले नाहीत. ती आपली एकामागं एक खुंटी ठोकत होती. थोड्या वेळानं सईची बाहुलीही पुन्हा कामाला लागली.

क्रांतीचा उजवा हात भरून आला तेव्हा तिनं पॅड डाव्या हातात घेतलं. डावा भरून आला की उजव्यात. एक तास दहा मिनिटं. कार्ड एकदाही अडलं नाही.

काकूंनी हेडफोन काढले. दारात यज्ञेश्वरकाका उभे होते, हातात चहाचे दोन कप, वर साय धरलेली. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी एवढंच विचारलं, “ती येते म्हणाली का?”

सईची नोकरी जानेवारीतच गेली होती. तेव्हापासून ती पहाटे एका बेकरीत काम करत होती आणि घरी मात्र ऑफिसच्या गोष्टी सांगत होती. कारण नोकरी लागली तेव्हा बाबांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. हे मला काकूंनीच पुढं सांगितलं, आणि लिहायलाही हरकत नाही म्हणाल्या. क्रांतीनं त्यातलं एक अक्षर मला कधी सांगितलं नाही. काकूंच्या बाजूचं जे बोलणं वर लिहिलं तेही काकूंकडूनच कळलं. क्रांतीनं मला पॅडचं तेवढं सांगितलं.

आता गोधडीचं. काकूंनी चिठ्ठी पर्समधून काढून क्रांतीपुढं धरली. कसनुसं हसत म्हणाल्या, तूच लिहिलं होतंस, खोडीत, जोर पडला की पंखा वाजतो. आठवड्यानं सई म्हणायला लागली, आई, कसला आवाज येतोय, तुझं नीट ऐकू येत नाही. यांचीही दुपारची झोप मोडायची. मला वाटलं, खोडच आहे, तर झाकून ठेवावी. सईची लहानपणची गोधडी ट्रंकेत होती, ती उसवून मापाला शिवली. तुमचा यायचा फोन आला तेव्हा दोन्ही वेळा काढून ठेवली. असली ठिगळाची वस्तू पाहुण्यांना काय दाखवायची.

क्रांती चिठ्ठी बघत राहिली. गोधडीची घडी घालून त्यांच्या खुर्चीवर बसायला ठेवली आणि चिठ्ठी घेऊन खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडून देवाला दिवा लावत होते तेव्हा ती आली. म्हणाली, आक्का, दूध मी ढवळलं बराबर, पण रकाना चुकला. मला कळलं नाही. तेव्हा तिनं समजावून सांगितलं. कार्ड तापलं की पंखा जोरात फिरतो, जोरात फिरला की वाजतो, आणि वाजतो म्हणून कार्ड थंड राहतं. आवाज म्हणजे त्याचा श्वास. मी तो खोडीत लिहिला. खोडीत लिहिलं की माणूस ती झाकाय बघतो. कालिंदीकाकूंची काय चूक.

मी म्हटलं, अगं, पण आवाजाचा त्रास होतो हे तर खरंच ना. ती म्हणाली, व्हय, पण का होतो तेबी लिहाय पाहिजे होतं. नुसतं वाईट लिहून आपण मोकळं झालो, असं न्हाय चालत.

माझ्याच काउंटरवर तिनं दुसरा कागद घेतला, पट्टी मागितली, रेघ ओढली. गुणांत तीन ओळी होत्या तिथं चौथी लिहिली. ‘जोर पडला की पंखा वाजतो. वाजू द्यावा. वाजतो तोवर कार्ड थंड राहते. झाकू नये.’ खोडीत मेमरी आणि सावल्या तशाच. मग खाली, दोन्ही रकान्यांच्या मधोमध, आणखी एक ओळ लिहिली. ‘दुपारी चारच्या उन्हात, पत्र्याखाली तपासलेले नाही.’

बाळासोंनी ती चिठ्ठी वाचली. त्यांच्या नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलतील असं मला वाटलं होतं. पण ते चिठ्ठी घेऊन आतल्या खोलीत गेले आणि परत आले ते एक छोटा टेबल फॅन घेऊन. काकूंकडं नेऊन देतो म्हणाले, पत्र्याखाली लागंल. पैशाचं विचारू नका.

आता तिच्या प्रत्येक चिठ्ठीत ती तिसरी जागा असते. काय तपासलेलं नाही, त्याची. गिऱ्हाइकांना सुरुवातीला ते विचित्र वाटलं. एकजण म्हणाला, वहिनी, एवढं सांगायचं असतं होय. ती म्हणाली, सांगायचं असतंय की.

सई गणपतीला आली. बाबाच स्टेशनवर आणायला गेले, पेढ्यांचा पुडा घेऊन. महिनाभर राहिली. अंगानं भरली, झोपली, खाल्लं, हंगाम नसताना महाग आणलेले खरे मटार आईबरोबर सोलले. परत गेली ती दुसरी नोकरी बघूनच. जाण्याआधी दुकानात येऊन क्रांतीच्या पाया पडायला लागली, तर क्रांतीनं तिला वरच्यावर धरलं आणि म्हणाली, पाया कसल्या पडतीस, पॅड तुझंच होतं.

दोघींचं बेटावरचं घर अजून चालूच आहे. आता तळं खणायला काढलंय म्हणे. मागच्या आठवड्यात काकू वाती न्यायला आल्या होत्या. सांगत होत्या, थंडी पडल्यापासून खोली गार असते, कार्डाला जोरच पडत नाही, पंखा अगदी हळू फिरतो. तर परवा सई तिकडून मध्येच थांबून म्हणाली, आई, पंखा ऐकू येत नाही, आहेस ना तू?

मग काकूंनी पाण्यातली प्रतिबिंबं आणि सावल्या पूर्ण लावल्या. चित्र चाळीसवर उतरलं, पण पंखा वाजायला लागला.